पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) : अडकलेल्या फँटसी मालिका आणि वाट बघून म्हातारे झालेलो आपण

दिवाभीत

घर रंगवायला काढलंय म्हणून काल माळ्यावरची खोकी खाली उतरवली, त्यात 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' सापडलं, आत खूण म्हणून माझ्या लोकलच्या पासचं प्लास्टिकचं कव्हर. जुलै २०११ चं पुस्तक, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पाचवा भाग. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आता माझी पोरगी दुसरीत आहे आणि जॉर्ज मार्टिनसाहेबांचं पुढचं पुस्तक, म्हणजे 'द विंड्स ऑफ विंटर', त्याचा अजून पत्ता नाही.

हिशोब बघा ना. पहिला भाग १९९६, दुसरा १९९८, तिसरा २०००. म्हणजे कसं, दर दोन वर्षांनी बरोब्बर. मग चौथ्याला एकदम २००५ उजाडलं. त्या चौथ्याच्या शेवटी मार्टिनने स्वतः लिहिलंय की पुस्तक फार मोठं झालं म्हणून अर्धी पात्रं पुढच्या भागात टाकलीत आणि तो पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. पुढचं वर्ष म्हणजे २०११!! आणि त्यानंतर शुकशुकाट. मधल्या काळात टीव्ही सिरीज सुरू झाली, आठ सीझन झाले, २०१९ मध्ये संपली, शेवटावरून लोकांनी शिव्या घातल्या, त्या शिव्याही जुन्या झाल्या.

तर धागा यासाठी की तुम्ही कुठल्या फँटसी मालिकेच्या पुढच्या भागाची वाट बघताय आणि अर्धवट राहिलेली मालिका मुळात सुरू करावी का? माझं मत स्पष्ट आहे, पैसे घेऊन पहिले पाच भाग विकलेत तर उरलेले देणं लागतो माणूस. सुतार अर्धं कपाट करून गेला तर आपण ऐकून घेऊ का?

---

शेवगा

मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

चिंचगुळ

सुताराला आपण अॅडव्हान्स दिलेला असतो रे. तू पाच पुस्तकांचे पैसे दिलेस, पाच पुस्तकं मिळाली. हिशोब मिटला. (आणि ती तरी फूटपाथवरची नव्हती ना, खरं सांग.)

माझी दुखरी नस वेगळी आहे. पॅट्रिक रॉथफस. 'द नेम ऑफ द विंड' २००७ चं, 'द वाइज मॅन्स फिअर' २०११ चं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, क्वोथ नावाचा एक नामांकित माणूस नाव बदलून एका आडगावात खानावळ चालवत असतो आणि एक लेखनिक त्याला शोधत येतो. क्वोथ म्हणतो माझी गोष्ट सांगायला तीन दिवस लागतील. एक दिवस एक पुस्तक. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवसाची पहाट आम्ही २०११ पासून बघतोय. दूधवाला पण आला नाही अजून.

मध्ये त्याच दुनियेतली दोन छोटी पुस्तकं आली, २०१४ ला एक आणि २०२३ ला एक. २०१४ चं तर एका मुलीचे सात दिवस, संवाद जवळजवळ नाहीतच, दिवा लावणे साबण करणे वस्तू योग्य जागी ठेवणे एवढंच, मला फार आवडलं पण नवऱ्याला दिलं तर म्हणाला यात गोष्ट कुठाय. असो. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिन्ही भाग लिहून तयार आहेत असं सांगितलं होतं!

---

बे_एके_बे

ताई तुम्ही त्या चॅप्टरचं नाही सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मादाय निधी गोळा करताना त्याने सांगितलं होतं की एवढा आकडा गाठला तर तिसऱ्या पुस्तकातला एक चॅप्टर देतो म्हणून. आकडा गाठला ना लोकांनी. चॅप्टर कुठी हाय? पुस्तक राहू द्या बाप्पा, मी तर त्या एका चॅप्टरचीच वाट बघून ऱ्हायलो.

---

टिपकागद

इथे डॅलसहून हजेरी. तुम्ही सगळे चुकीच्या लेखकांच्या नादी लागलात, ब्रँडन सँडरसन वाचा आणि सुखी व्हा. बाबाच्या वेबसाइटवर चक्क टक्केवारीच्या पट्ट्या असतात, कुठलं पुस्तक किती लिहून झालं ते दिसतं, दर डिसेंबरला वर्षाचा जमाखर्च मांडतो. स्टॉर्मलाइट मालिका दहा भागांची, पहिला २०१०, मग २०१४, २०१७, २०२० आणि पाचवा डिसेंबर २०२४. एकेक पुस्तक हजार पानांच्या वर. आणि ते करता करता लॉकडाऊनमध्ये कुणाला न सांगता चार जास्तीच्या कादंबऱ्या लिहून ठेवल्या आणि मार्च २०२२ ला किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची साइट) टाकल्या, दहा लाख डॉलर मागितले होते, ४ कोटी १७ लाख जमले. माणूस आहे का पिठाची गिरणी.

---

चिंचगुळ

गिरणीच. पीठ पण तसंच लागतं, सगळं एकसारखं दळलेलं. (दिवे घे, म्हणजे हलकेच घे.)

---

टिपकागद

दिवे घेतले. पण चिंचगुळ, गिरणी बंद असलेल्या गावात भाकरी कशाची करणार आहेस?

आता स्टॉर्मलाइटच्या सहाव्या भागाला २०३० उलटणारच आहे, मध्ये मिस्टबॉर्नची पुढची मालिका आणि इलँट्रिसचं राहिलेलं काम आहे म्हणे. पण फरक असा की तो सांगतो. उशीर होणार हे आधी कळलं की त्रास होत नाही. आपली गाडी 'अनिश्चित काळासाठी विलंबाने' असली की प्लॅटफॉर्म सोडून चहालाही जाता येत नाही, तसं आहे ते मार्टिनचं.

---

मावशी६२

मी इथे नेहमी पाककृतींच्या धाग्यावर असते, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवेना. मुलगा अमेरिकेत शिकायला गेला तेव्हा त्याच्या खोलीत स्टीफन किंगची 'डार्क टॉवर' राहिली होती, एकटीला झोप यायची नाही म्हणून वाचायला घेतली. पहिला भाग १९८२ चा आणि सातवा २००४ चा. मला आयते सातही मिळाले पण ज्यांनी तेव्हा वाचलं त्यांचं काय झालं असेल! तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळे एका वेड्या आगगाडीत बसलेले, ती कोडी घालते, हरलात तर मरा, आणि तिथेच पुस्तक संपतं. १९९१ साल. पुढचं पुस्तक १९९७. सहा वर्षं माणसं त्या गाडीत.

किंगने एका प्रस्तावनेत लिहिलंय की एका आजीबाईंचं पत्र आलं होतं, कॅन्सर होता, वर्षभराचं आयुष्य उरलेलं, शेवट काय होतो तेवढा मला सांगून ठेवा, कुणाला सांगणार नाही असं. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचंही तसंच पत्र आलेलं. आणि किंग म्हणतो मी सांगितला असता हो, पण मलाच माहीत नव्हता.

हे वाचल्यापासून मी लेखकांवर चिडायचं सोडलं. नंतर १९९९ साली त्याला रस्त्यावर व्हॅनने उडवलं, मरता मरता वाचला आणि मग उरलेले भाग झपाट्याने पूर्ण केले.

---

शेवगा

मावशी मानलं तुम्हाला. आम्हाला वाटलं होतं तुम्ही फक्त अनारसेवाल्या.

---

धुकं

तुम्ही सगळे फारच जुन्या पुस्तकांबद्दल बोलताय 😅 माझ्या वयाचे लोक रिबेका यारॉस आणि सारा मासची वाट बघतात. 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ ला आलं, पहिल्या आठवड्यात अमेरिकेत २७ लाख प्रती खपल्या, मी प्री-ऑर्डर केलं होतं आणि घरी आलं त्या रात्री पूर्ण जागून वाचलं, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं त्याची वाट लागली. मालिका पाच भागांची आहे, तीन झालेत. लोक नाकं मुरडतात की हे नुसतं ड्रॅगन आणि प्रेमप्रकरण, पण दोन वर्षांत तीन पुस्तकं दिली त्या बाईने, आणि तब्येत बरी नसताना. आता थोडा ब्रेक घेते म्हणाली तर लगेच लोक सुरू झाले. अरे घेऊ द्या ना.

आणि वाट बघण्याचं म्हणाल तर 'बर्सर्क' वाचणाऱ्यांना विचारा. मांगा आहे, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८९ पासून चाललेली. केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये गेले, अचानक. गोष्ट अर्धीच. मला त्या दिवशी होस्टेलवर रडायला आलं होतं, रूममेट विचारायला लागली घरचं कुणी का. मग वर्षभराने परत सुरू झाली कारण मिउरांनी त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राला, तोही मांगा काढणारा, कौजी मोरी, फार वर्षांपूर्वी एकदा बसून शेवटापर्यंतची गोष्ट सांगून ठेवली होती. आता तो मित्र आठवून आठवून सांगतो आणि मिउरांचे शिष्य चित्रं काढतात. मोरींनी आधीच सांगितलंय की मला जे सांगितलं होतं तेवढंच येईल, पदरचं घालणार नाही.

---

आडवाटेचा

धुकं यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मला या फँटसीतलं काही कळत नाही, मी टॉल्किनपाशी थांबलो (तोसुद्धा मराठीत, 'स्वामी मुद्रिकांचा'). पण अर्धवट राहिलेल्या गोष्टीवरून आठवलं.

आपण नॉव्हेलला 'कादंबरी' म्हणतो. गुजराती, मराठी, कन्नड, इंग्रजी काही म्हणा, जगात कुठे एका पुस्तकाच्या नावावरून सगळ्या जातीला नाव पडलं असेल तर ते आपल्याकडे. बाणभट्टाची 'कादंबरी', सातवं शतक, हर्षाच्या दरबारातला कवी. आणि गंमत अशी की ती त्याने पूर्ण केलेलीच नाही! मध्येच गेला. मग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने (काही ठिकाणी पुलिंद म्हणतात), उत्तरभाग लिहिला. त्याच्या सुरुवातीला मुलगा जे म्हणतो ते मला कायम आठवतं. म्हणतो, वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर इथे कथेचाही धागा तुटला, ती अपुरी राहिल्याचं जाणत्या लोकांना झालेलं दुःख पाहिलं म्हणून मी हे हाती घेतलं, मी मोठा कवी आहे अशा गर्वाने नव्हे.

आणि गोष्ट तरी कसली? जन्मोजन्मीची, शापाची, एक पोपट गोष्ट सांगतो, त्यात एक ऋषी गोष्ट सांगतो, त्यात आणखी कोणी. तुमच्या व्याख्येनुसार फँटसीच झाली की. म्हणजे मराठीतल्या प्रत्येक कादंबरीच्या नावातच एक अडकलेली मालिका आहे.

---

चिंचगुळ

आडवाटेचा, साष्टांग. हे शाळेत का नाही सांगत? (ते इंग्रजी तेवढं यादीतून काढा, ते बिचारे नॉव्हेलच म्हणतात.)

---

आडवाटेचा

खरंय, लिहिण्याच्या भरात गेलं. गुजरातीसुद्धा नवलकथा म्हणतात. मराठी आणि कन्नड एवढंच वाचावे. प्रतिसाद आता दुरुस्त करता येत नाही, तेव्हा माझं अज्ञान तसंच राहू द्या.

---

सुरमई

पणजीहून. पूर्ण करणारा मुलगाच असतो हे बघितलंत का? बाणाचा मुलगा. टॉल्किन १९७३ ला गेला, 'सिल्मारिलियन' त्याचा मुलगा क्रिस्टोफरने कागदांच्या ढिगातून काढून १९७७ ला छापलं. 'ड्यून' वाल्याचाही मुलगाच पुढे लिहितो. आणि आपला हिंदीतला चंद्रकांतावाला, देवकीनंदन खत्री! 'चंद्रकांता संतति' चे चोवीस भाग लिहून झाले, मग त्याच दुनियेतलं 'भूतनाथ' सुरू केलं, १९१३ ला सहा भाग लिहून गेले. बाकीचं मुलाने, दुर्गाप्रसादने, पूर्ण केलं. माझे आजोबा सांगायचे, हे पुस्तक वाचायला लोक हिंदी शिकले म्हणून. आमच्याकडे लहानपणी रविवारी सकाळी सिरियल लागायची तेव्हा मासळी आणायला कोणी जात नसे.

---

शेवगा

यक्कू!!

---

टिपकागद

मुलगा नसला तर बायको. 'व्हील ऑफ टाइम'. रॉबर्ट जॉर्डन, पहिला भाग १९९०. बघता बघता अकरा भाग झाले आणि २००६ मध्ये त्याने जाहीर केलं की रक्ताचा, हृदयावर जाणारा आजार झालाय. सप्टेंबर २००७ ला गेला. बारावा भाग अर्धवट. पण जाण्याआधी घरच्यांना बसवून शेवट सांगितला, टेपवर बोलून ठेवलं, अगदी शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्याची बायको हॅरिएट हीच त्याची संपादक. तिला कोणीतरी एका तरुण लेखकाने जॉर्डनवर लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख दाखवला, तिने त्याची पुस्तकं वाचली आणि फोन केला. तो सँडरसन. एक पुस्तक लिहायचं होतं त्याची तीन झाली, २००९, २०१० आणि २०१३, आणि गोष्ट चौदाव्या भागात संपली.

मी तेव्हा शेवटचा भाग आला त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. जॉर्डनचा हात कुठे संपला आणि सँडरसनचा कुठे सुरू झाला ते कळतं बरं का. विशेषतः मॅट नावाचं पात्र, सँडरसनच्या पहिल्या पुस्तकात त्याचे विनोद एकदम ओढूनताणून आलेले, सँडरसनने स्वतःही नंतर कबूल केलंय की मॅट जमला नव्हता. पण तरी संपलं यार. संपणं ही पण एक गोष्ट असते.

---

बे_एके_बे

आन् मार्टिनचं कोण करणार? त्याला तर लोकांनी हौसेनं लिहिलेली फॅनफिक्शन पण नाही चालत. २०१९ मध्ये म्हणाला होता, पुढच्या वर्षी न्यूझीलंडला संमेलनाला येईन तेव्हा पुस्तक हातात नसलं तर मला तिथल्या व्हाइट आयलंडवर, त्या अ‍ॅसिडच्या तळ्याकाठी खोपटात कोंडून टाका. २०२० मध्ये कोरोना आला, संमेलन ऑनलाइन झालं. वाचला गडी.

---

दिवाभीत

हाहा. नेमकं! हेच म्हणतोय मी. वचनं द्यायची, मजेत बोलायचं आणि काम नाही. २०१६ च्या जानेवारीत ब्लॉगवर लिहिलं की ऑक्टोबरची डेडलाइन चुकली, मग डिसेंबरची चुकली, पुस्तक झालेलं नाही. आम्ही म्हटलं ठीक आहे, प्रामाणिक आहे. २०२३ मध्ये म्हणाला अकराशे पानं झालीत. आधीच्या वर्षीही साधारण तेवढीच होती!! म्हणजे वर्षभर केलं काय? मला वाटतं ज्याला शेवट माहीत नाही त्याने मालिका सुरूच करू नये, वाचकांना असं टांगून ठेवणं हा सरळ सरळ

---

दिवाभीत

मोबाइलवरून अर्धाच प्रतिसाद गेला. पूर्ण करतो थोड्या वेळाने.

---

चिंचगुळ

आईशप्पथ. अर्धवट लेखनावरचा प्रतिसाद अर्धवट. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

दिवाभीत, एक विचारू का. तुझ्या जुन्या लेखनात सहज डोकावले. ती घाटातल्या चौकीची कथा, कंदील घेऊन बसणारा म्हातारा, नऊ भाग. नववा भाग २०१५ च्या गणपतीत आलाय. शेवटी लिहिलंय 'क्रमशः'. खाली चाळीस जणांनी पुभाप्र लिहिलंय.

---

शेवगा

अयायायायाया

---

बे_एके_बे

पेटलं ना राजेहो!!! आता कंदील घेऊन कोण बसलं?

---

सुरमई

ती कथा याची होती?! मी वाचलीय ती! म्हातारा विहिरीत उतरतो आणि वरून दोर कोणीतरी कापतं. दिवाभीत तू सुतार आहेस की नाही?

---

*(दुसऱ्या दिवशी)*

दिवाभीत

बरं. लपून बसण्यात अर्थ नाही. काल रात्री सगळे नऊ भाग परत वाचले.

खरं काय झालं ते सांगतो, कोणाला सहानुभूती नकोय. सहाव्या भागापर्यंत मला सगळं दिसत होतं. मग सातव्यात मी एक मुलगी आणली, फक्त पाणी द्यायला, दोन ओळींपुरती. तुम्ही लोकांनी प्रतिसादात विचारलं ती कोण, तर मी आठव्यात तिला नाव दिलं, घर दिलं. नवव्यात तिनेच दोर कापला. मी ठरवलं नव्हतं, लिहिता लिहिता झालं आणि इतकं बरोबर वाटलं की तसंच टाकलं. आणि मग मला कळलं की तिने दोर का कापला हे सांगायचं तर पहिला भाग बदलावा लागेल, आणि पहिला भाग तर लोकांनी वाचलाय, आता हलवता येत नाही. छापलेलं पान म्हणजे घातलेला स्लॅब. वरचा मजला चुकला की खालच्या खांबांना हात लावता येत नाही.

मार्टिन म्हणतो ना लेखक दोन जातीचे, एक आर्किटेक्ट आणि एक माळी, आणि तो माळी. तो काय म्हणतो ते काल पहिल्यांदा पोटात समजलं. तिसऱ्या भागानंतर त्याला गोष्ट पाच वर्षं पुढे न्यायची होती, लहान मुलं मोठी होऊ द्यायची होती. लिहायला बसल्यावर काहींच्या बाबतीत जमेना, मग ती पाच वर्षांची उडीच रद्द केली आणि मधलं सगळं लिहीत बसला. म्हणून चौथा पाचवा फुगला. मग सगळी पात्रं मीरीनला, म्हणजे गोष्टीतल्या एका शहरात, एका वेळी पोचवायची, कोण आधी कोण नंतर, त्याची गाठ सुटेना म्हणून आणखी वर्षं. आणि पाचव्याच्या शेवटी ज्या दोन लढाया यायच्या होत्या त्या उचलून सहाव्यात टाकल्या. म्हणजे सहावा सुरू व्हायच्या आधीच कर्जात. माझी एक पाणी देणारी पोरगी मला सुटली नाही, त्याच्याकडे तशी हजार माणसं आहेत.

सुताराचं वाक्य मागे घेतो. चिडायचा हक्क मात्र राखून ठेवतो.

---

चिंचगुळ

हे आवडलं. आता मीही कबूल करते, रॉथफसचा तिसरा भाग आला तर मला भीती वाटेल. पंधरा वर्षं डोक्यात जो शेवट रचलाय तो त्याच्यापेक्षा चांगला नसेल पण माझा आहे.

स्कॉट लिंचचं कोणी नाव घेतलं नाही. 'द लाइज ऑफ लॉक लमोरा', २००६, व्हेनिससारख्या शहरातले ठग. तीन भाग झाले, तिसरा २०१३ चा, चौथा अडकलाय. त्याने नैराश्य आणि अँग्झायटीबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. त्याच्यावर मला एकदाही राग आला नाही, आणि रॉथफसवर येतो, हे काही बरोबर नाही माझं. बहुतेक तो विकत घेतलेला चॅप्टर नडतो.

---

आडवाटेचा

अवांतर होईल, पण आपल्याकडेही असा एक हिशोब आहे. नेमाड्यांची 'हिंदू' २०१० मध्ये आली, कित्येक वर्षं नुसती चर्चा होती, आली तीच चार भागांतला पहिला भाग म्हणून. मी पुढच्या तीन भागांसाठी शेल्फवर जागा ठेवली होती. तिथे सध्या सुनेच्या स्पर्धापरीक्षेच्या गाईड आहेत.

---

धुकं

हिंदू फँटसी आहे का?

---

शेवगा

नको. तो धागा वेगळा काढू. दोनशे प्रतिसाद आणि तीन आयडी उडतील.

---

टिपकागद

ज्यांना संपलेलं हवंय त्यांच्यासाठी, स्टीव्हन एरिक्सनची मलाझन, दहा भाग, १९९९ ते २०११, झाली. पहिल्या पुस्तकात काहीही कळत नाही, ते नॉर्मल आहे, पुढे चला. फिलिप पुलमनची 'बुक ऑफ डस्ट' पण ऑक्टोबर २०२५ ला संपली, दुसरा भाग २०१९ चा, मधली सहा वर्षं मी त्या मुलीला वाळवंटात सोडून आलो होतो. आणि जिम बुचरचा शिकागोवाला जादूगार, त्याचा अठरावा भाग आला जानेवारी २०२६ ला, पहिला २००० चा.

उलट टोक पाहिजे तर मेलनी रॉनची 'एक्झाइल्स', दुसरा भाग १९९७. तिसरा अजून नाही. मार्टिनवाल्यांनी तिच्या वाचकांसमोर तोंड उघडू नये.

---

सुरमई

आणि ज्यांना काहीच मागे ठेवायचं नाही त्यांच्यासाठी टेरी प्रॅचेट. २०१५ ला गेले, डिस्कवर्ल्डचे एक्केचाळीस भाग. त्यांनी सांगून ठेवलं होतं की अर्धवट राहिलेलं काही असेल ते नष्ट करा. २०१७ ला एका जत्रेत त्यांची हार्ड डिस्क जमिनीवर ठेवून वरून वाफेवरचा जुना रोडरोलर फिरवला. खरंच. ती चेपलेली डिस्क नंतर प्रदर्शनात ठेवली होती.

मला हे ऐकून आधी वाईट वाटलं, मग हसायला आलं, अजून ठरत नाही.

---

बे_एके_बे

दिवाभीतभाऊ, तुमची कथा रोडरोलरखाली टाकणार का पोरगी मोठी झाल्यावर लिहीन म्हणते?

---

दिवाभीत

पोरगी सध्या युनिकॉर्नवर लिहितेय, तिचेही दोन भाग झालेत आणि खाली 'क्रमशः' लिहिलंय. स्पेलिंग चुकवून. रक्तातच आहे.

दहावा भाग अर्धा लिहिलेला ड्राफ्टमध्ये आहे, २०१५ पासून. काल उघडला. वाईट नाहीये.

---

मावशी६२

दिवाभीत, तुला सांगू की नको असं चाललं होतं माझं. तुझे नऊही भाग मी तेव्हा ऑफिसात प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतले होते. रिटायर व्हायला दोन महिने होते, म्हटलं आता कोण काय बोलणार. मागे मुद्दाम कोरी पानं घालून घेतली होती पुढच्या भागांसाठी. परवा तुझा धागा बघून कपाटातून काढली. नातवाने मागच्या पानांवर भागाकार केलेत.

---

दिवाभीत

काकू. किती पानं उरलीत?

---

मावशी६२

मोजली. अकरा. पाठपोट लिहिलंस तर बावीस.